फिल्म काळी काहून येत होती

धामणगाव रेल्वेच्या धर्मपालांची दीक्षा अमरावतीला पीएचडी करते, एवढं वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. कशात करते ते मात्र कुणाला धड सांगता येत नसे. धर्मपाल रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, आता निवृत्त झालेले. कुणी विचारलं की म्हणत, "पेशीवर. शरीराच्या पेशीवर करून राहिली." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा सांगत, कारण पुढचं त्यांनाही येत नव्हतं.

दीक्षाने एकदा त्यांना नीट बसवून सांगितलं होतं. पेशीच्या पडद्यात एक प्रथिन रोवलेलं असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. बाहेरून वाढीचा निरोप आला की त्या रिसेप्टरच्या आतल्या टोकाला फॉस्फेटचा एक बारका तुकडा येऊन बसतो, आणि पेशीला कळतं, आता वाढायचं. काही कॅन्सरमध्ये हा निरोप थांबतच नाही.

"मंग तुयं काम काय त्याच्यात?" धर्मपालांनी विचारलं.

"तो तुकडा बसला का नाही, ते पाहा लागते."

"दिसते का तो?"

"तसा नाही दिसत, बाबा. अँटिबॉडी लागते. ती फक्त फॉस्फेट बसलेल्या रिसेप्टरलेच ओळखते. नुसता रिसेप्टर असला त त्याच्याकडे पाहतबी नाही."

धर्मपालांनी मान डोलावली. पोरगी बोलत होती ते त्यांना फार आवडत होतं. कळत नव्हतं याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

ती अँटिबॉडी कॉलेजात यायला बरेच महिने लागले. आली तेव्हा बर्फाच्या मोठ्या खोक्यात बोटाच्या पेराएवढी एक कुपी, आणि कुपीच्या तळाला जेमतेम दिसेल इतकं पाणी. दीक्षाच्या गाइड रुख्मिणी मॅडम यांनी ती सगळ्यांना उजेडात धरून दाखवली. मॅडमचा प्राणिशास्त्र विभागात दबदबा होता. वाईट बाई नव्हत्या. पोरांच्या फेलोशिपसाठी त्या विद्यापीठात जाऊन भांडत, आजारी पडलेल्या मुलीला स्वतःच्या गाडीतून डॉक्टरकडे नेत.

"जपून वापर, दीक्षा," त्या म्हणाल्या. "ही संपली तर पुन्हा मिळायची नाही."

दीक्षाने जपून वापरली. पेशींतली प्रथिनं जेल नावाच्या जेलीसारख्या थरातून वेगळी केली, कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर उतरवली. मग तो पडदा दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजत घातला. पडद्यावरच्या मोकळ्या जागा दुधाने भरून गेल्या की अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही, म्हणून. मॅडमच्या सरांनी मॅडमना तसंच शिकवलं होतं, मॅडमनी सगळ्यांना. पावडरीचा डबा फळीवर कायमचा असे आणि आजवरच्या सगळ्या अँटिबॉडींना तो पावला होता. दुधानंतर अँटिबॉडी, आणि शेवटी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर फोटोची फिल्म ठेवून ती धुवायची. जमलं तर स्वच्छ फिल्मवर एक बारीक काळी रेघ उमटते, रिसेप्टर असतो तिथे. बाकी सगळं कोरं.

दीक्षाची फिल्म तव्यासारखी काळी आली. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

दुसऱ्या वेळी तशीच, तिसऱ्या वेळीही तशीच. मॅडमनी ती खिडकीशी नेऊन पाहिली. प्रयोगशाळेत तेव्हा तिवशाचा किशोरही होता, दीक्षाला एक वर्ष सीनियर.

"दीक्षा, हाताला सफाई हवी गं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "ती घरातूनच यावी लागते. आता या वयात मी काय शिकवणार?"

किशोर पिपेटमध्ये डोकं घालून बसला. दीक्षा "हो मॅडम" म्हणाली.

वस्तीत वाढलेल्या मुलीला असल्या वाक्याचा अर्थ कुणी फोड करून सांगावा लागत नाही. असं कुणी बोललं तर आपण काय उत्तर देऊ, हे दीक्षाने कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. राग येईल, असं तिने धरलं होतं. पण त्या दिवशी आली ती लाज. कारण फिल्म खरंच काळी होती. ती समोर असताना भांडायचं कशाच्या जोरावर?

ती हात धुवायला लागली. प्रयोगाआधी, मध्ये, नंतर. साबणाने, मग स्पिरिटने. एकावर एक दोन हातमोजे घालायची. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. दिवाळीत घरी गेली तेव्हा धर्मपालांनी तिचा हात धरून पाहिला.

"हे काय झालं?"

"केमिकल हाय, बाबा. सगळ्याईलेच होते."

मधे एकदा मॅडमनी किशोरला तीच अँटिबॉडी वापरून पाहायला सांगितली. त्याचीही फिल्म काळी आली. मॅडम म्हणाल्या, "फिल्म धुवायचा डेव्हलपर जुना झाला असेल, नवा कर." दीक्षाने ते ऐकलं. तिच्या मनात काही हललं, नाही असं नाही. पण तिने ते तिथेच दाबून टाकलं. किशोरने एकदाच करून पाहिलंय, आपलं तर दर वेळी बिघडतंय, असं तिने स्वतःला समजावलं. नव्या डेव्हलपरमध्येही तिची फिल्म काळीच आली, आणि मग समजावणं आणखी सोपं झालं.

पुढच्या जुलैत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी भावना आली. अकोल्याची, कौलखेडची. बोलकी, हसरी, केसांना नेहमी घट्ट वेणी. पहिल्याच दिवशी दीक्षाजवळ येऊन हळूच म्हणाली, "जय भीम, ताई."

दीक्षाने आधी मागे वळून पाहिलं. मग उत्तर दिलं.

भावनाच्या हातात कला होती. पेशी वाढवणं हे जिकिरीचं काम, जरा दुर्लक्ष झालं की बुरशी धरते. पण भावनाच्या बशांमध्ये पेशी कशा दाट, एकसारख्या वाढत. ती त्यांच्याशी बोलायचीही. "चाला, जेवण आणलं तुमच्यासाठी," म्हणत त्यांचं पाणी बदलायची. दीक्षा हसायची. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत तिला कुणाची सोबत वाटत होती. डबा दोघी एकत्र खायच्या. दीक्षाने तिला जेल शिकवलं, पडदा शिकवला, दूध शिकवलं.

आणि मग भावनाची पहिली फिल्म आली. काळी.

भावना ती हातात धरून उभी होती. "ताई, हे असं काहून आलं?" ती विचारत होती, तेवढ्यात मॅडम दारातून आत आल्या. त्यांनी लांबूनच फिल्म पाहिली. आधी भावनाकडे पाहिलं, मग दीक्षाकडे. त्यांचं तोंड उघडणार होतं, आणि त्यातून काय निघणार हे दीक्षाला माहीत होतं.

त्या आधीच दीक्षा बोलली.

"भावना, हात स्वच्छ धुवून येत जा. किती वेळा सांगायचं? सफाई नाही तुझ्या हाताला."

तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. आणि ती हे वऱ्हाडीत नाही बोलली, मॅडमच्या भाषेत बोलली.

मॅडम "हं" म्हणाल्या. "सांभाळ हिला." आणि आपल्या केबिनमध्ये गेल्या. किशोर त्याही दिवशी तिथेच होता.

दीक्षाला त्या क्षणी हलकं वाटलं. इतके महिने मानेवर असलेलं काहीतरी उतरून दुसऱ्या मानेवर गेलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती बोलल्याची नव्हे, या हलकं वाटण्याची.

भावनाने दीक्षाकडे एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात तिला सगळं कळलेलं होतं, असं दीक्षाला वाटलं. हे वाक्य कुठून आलं, दीक्षाने ते कुठे ऐकलं, आता ते आपल्याकडे का आलं, सगळं. मग बेसिनपाशी जाऊन तिने हात धुतले, ओढणीला पुसले आणि बॅग उचलली.

त्यानंतर ती थोडे दिवस येत राहिली. मग एक दिवस कळलं की तिने मॅडमकडून नुसता लायब्ररीत बसून करायचा विषय मागून घेतलाय. प्रयोगशाळेत पुन्हा आली नाही. परीक्षा झाली, अकोल्याला निघून गेली. दीक्षाने दोनदा मेसेज लिहून पुसून टाकला.

पुढच्या पावसाळ्यात कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीचं छत गळायला लागलं आणि ती दुरुस्तीसाठी बंद झाली. दीक्षाची एम.एस्सी.ची मैत्रीण प्रणाली अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरीला होती. तिथे फिल्म धुवायची सोय होती. "ये इकडं," प्रणाली फोनवर म्हणाली, "उगी तिथं बसून काय करतं?" दीक्षाने पेशींचे नमुने आणि अँटिबॉडीची कुपी बर्फात घातली, एस.टी. धरली आणि मूर्तिजापूरवरून अकोल्याला पोचली.

प्रणाली शेतकरी घरची, तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. दीक्षाने बॅगेतून एकेक सामान काढलं आणि शेवटी दुधाच्या पावडरीची पुडी काढली, तशी प्रणाली हसली.

"हे काहून आणलं? चहा इथं भेटते."

"पडदा भिजवाले."

"फॉस्फोच्या अँटिबॉडीले दूध?" प्रणालीचं हसू थांबलं. "पहिलेपासून दुधातच करून राहिली का तू?"

"आमच्याकडं सगळेच दुधात करतात."

"दुसऱ्या अँटिबॉडीले चालते. हिले नाही चालत. अवं, दुधातल्या प्रथिनालेच फॉस्फेट असते ना. अन् तुयी अँटिबॉडी काय शोधते? फॉस्फेटच. तू आपल्या हातानं पुऱ्या पडद्यावर फॉस्फेट सारवून ठेवते, मंग ती जागोजागी नाही बसणार त काय करीन? माह्यंबी एकदा असंच झालतं. काळंभोर."

प्रणालीने फ्रिजमधून दुसरी बाटली काढली, गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनची. या प्रथिनाला दुधासारखं फॉस्फेट नसतं. त्यात पडदा भिजवला. बाकी सगळं तेच, दीक्षाच्याच हातचं. दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म धुतली.

कोऱ्या, पारदर्शक फिल्मवर एक रेघ होती. वाढीचा निरोप दिलेल्या पेशींच्या रकान्यात. निरोप न दिलेल्यांच्या रकान्यात काहीच नव्हतं. पुस्तकातल्या चित्रासारखं.

"पाह्य," प्रणाली म्हणाली. "झालं तुयं काम."

दीक्षा स्टुलावर बसली. किती दिवस तिने या रेघेची वाट पाहिली होती. ती दिसली की आपण नाचू, असं तिला वाटायचं. आता ती हातात होती आणि दीक्षाला भावनाची काळी फिल्म आठवत होती.

"प्रणाली, मी एका पोरीले म्हणलं, तुह्या हाताले सफाई नाही."

"मंग?" प्रणालीने बाटली परत ठेवली. "लॅबमंधी हात त स्वच्छच ठेवा लागते."

प्रणालीला ते समजावून सांगायचं, तर फार मागून सुरुवात करावी लागली असती.

त्याच संध्याकाळी ती ऑटोने कौलखेडला गेली. पत्ता भावनाच्या वर्गातल्या नितेशकडून फोनवर घेतला होता. दारात भावनाची आई शालूताई गहू निवडत बसल्या होत्या. नाव सांगितलं तशा त्या सूप बाजूला ठेवून उठल्याच.

"जय भीम. तुमीच का दीक्षाताई? या ना, बाप्पा. लय सांगे हे तुमचं. ताईनं हे शिकवलं, ताईनं ते शिकवलं. मी म्हणो, एकदा आणजो त्याईले घरी."

म्हणजे भावनाने घरी सांगितलंच नव्हतं. दीक्षाला वाटलं होतं की दारातच चार शब्द ऐकावे लागतील, आणि त्याची तिने वाटभर तयारी केली होती. या स्वागताची तयारी नव्हती. शालूताईंनी पोह्याची बशी पुढे ठेवली, आणि त्या बशीकडे तिला पाहवेना.

भावना आतून आली. ती आता एका पॅथॉलॉजीत रक्त घ्यायचं काम करत होती. नुकतीच घरी आलेली दिसत होती.

"या, मॅडम," ती म्हणाली.

शालूताईंनी चमकून लेकीकडे पाहिलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

दीक्षाने फिल्म काढून भावनाच्या हातात दिली. दुधाचं सांगितलं. घाईघाईने, एका दमात. "तुयं काहीच चुकलं नव्हतं. माह्यंबी नव्हतं चुकलं. दुधामुळं होत होतं सारं."

भावनाने फिल्म दिव्याकडे धरली. बराच वेळ पाहिली. रेघ पाहून तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना आनंद आला आणि गेला.

"चांगली आली," ती म्हणाली. "म्हणजे दूध नसतं, अन् फिल्म खरंच माह्या हातानं बिघडली असती, त तुमचं म्हणणं बरोबर राह्यलं असतं का?"

सबंध रस्ता दीक्षा दुधाची गोष्ट घोळवत आली होती, जसा काही सगळा दोष त्या पुडीचाच होता.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "तेव्हाबी नाही. मॅडमनं मले तेच म्हणलं होतं. त्या तुले म्हणतीन म्हणून मी पहिले बोलली. मले माफ कर, असं म्हणाले मी आली. करच, असं नाही."

"मॅडम बोलल्या असत्या ना, त मी त्याईले जागच्या जागी उत्तर देल्लं असतं," भावना म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुमी बोलल्या, म्हणून मी घरी येऊन आठ-पंधरा दिवस हात पाहत बसो. म्हटलं, ताई म्हणते त असनच काही."

आतून कपबशांचा आवाज येत होता. भावनाने फिल्म परत दिली.

"तुमी हे मले इथं, माह्या घरी सांगून राहिल्या. तिथं किशोर सर होते, मॅडम होत्या. तिथं कोण सांगन?"

शालूताई चहा घेऊन आल्या. दीक्षाने तो घेतला, इकडचं तिकडचं बोलली. निघताना शालूताईंनी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "येत जा." तिला मान वर करून "हो" म्हणता आलं नाही.

सोमवारी विभागात सगळे होते. दीक्षाने फिल्म मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम खरोखर खूश झाल्या. चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिली. दुधाचं ऐकून कपाळाला हात लावला. "अरे, हे माझ्याही लक्षात आलं नाही. उद्यापासून अल्ब्युमिन." त्यांनी तेवढ्याच मोकळेपणाने आपली चूक मान्य केली. दुधापुरती.

दीक्षा तिथून हलली नाही.

"मॅडम, अजून एक हाय. तुम्ही मला म्हणाला होता, हाताला सफाई नाही, ती घरातून यावी लागते. मी ते खरं मानलं. आणि तेच भावनाला म्हटलं, इथंच, सगळ्यांसमोर. ते खोटं होतं. तिच्या हाताचंही आणि घराचंही. मी तिची माफी मागून आले. इथंही सांगावं, म्हणून सांगते."

बोलताना ती फिल्मकडेच पाहत होती. ती बरोबर होती, तरी लाज तिलाच वाटत होती. पाहणाऱ्याला वाटलं असतं, चोरी हिचीच पकडली गेलीय.

मॅडमचा चेहरा उतरला. "मी असं म्हटलं? घरातून वगैरे? दीक्षा, तू फार मनाला लावून घेतेस. मी असं कधी..."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. तेच दीक्षाला सगळ्यात जास्त लागलं.

मग किशोर बोलला, टेबलाकडे पाहत.

"म्हटलं होतं, मॅडम. मी इथंच होतो." मग म्हणाला, "दोन्ही वेळा."

मॅडम चष्मा काढून पुसत राहिल्या. मग उठून केबिनमध्ये गेल्या. माफीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही, तेव्हाही आणि पुढेही. दीक्षाचे कागद मात्र त्यांनी कधी अडवले नाहीत. बोलणं कामापुरतं उरलं. किशोरने त्या दिवशी कॅन्टीनला चहाला विचारलं. ती गेली नाही. एवढे दिवस गप्प बसलेल्या माणसाचे आभार मानायचे की त्याला जाब विचारायचा, हे तिचं ठरत नव्हतं.

त्या शनिवारी धामणगावला गेल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. भावनाचंसुद्धा. आपलं ऐकलेलं सांगणं सोपं गेलं, आपण बोललेलं सांगताना मध्ये दोनदा थांबावं लागलं. धर्मपाल अंगणात खुर्चीवर बसले होते. पोरीच्या बोटांच्या चिरा त्यांनी दिवाळीतच पाहिल्या होत्या.

"तवाच मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "मी आलो असतो तिथं."

"म्हणूनच नाही सांगतलं, बाबा. तुमी यावं, असं मले वाटत नव्हतं."

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. पॅन्टला इस्त्री करून, रेल्वेची जुनी चामडी बॅग घेऊन बाबा विभागात आले असते, आणि मॅडमसमोर, किशोरसमोर त्यांना "हे माझे वडील" म्हणायची तिला चोरी वाटली असती. धर्मपालांनाही ते ऐकू आलं असावं. ते खुर्चीवरून उठले.

"जेवून घे," म्हणाले. "शेंगा टाकल्या भाजीत."

प्रबंध पुढल्या वर्षी पुरा झाला. त्याआधी त्या रेघेवर एक शोधनिबंध लिहायचा ठरला. नावं कुणाकुणाची घालायची, हे मॅडमनी विचारलं तेव्हा दीक्षाने भावनाचं नाव सांगितलं. ज्या पेशींतून ती रेघ आली, त्या भावनाने वाढवून गोठवून ठेवलेल्या होत्या. हे उपकाराचं नव्हतं, हिशोबाचं होतं, आणि मॅडमही नाही म्हणाल्या नाहीत.

दीक्षाने अकोल्याला फोन लावला. कौलखेडच्या त्या संध्याकाळनंतर दोघींचं बोलणं झालं नव्हतं. तिने सरळ कामाचं सांगितलं आणि विचारलं, "तुयं नाव टाकू का?"

पलीकडे पॅथॉलॉजीतला गलका ऐकू येत होता. कुणाला तरी भावनाने मूठ घट्ट आवळायला सांगितलं. मग फोनवर आली.

"टाका. काम केलं त नाव याले पाह्यजे." आणि लगेच म्हणाली, "अन् आडनावाचं स्पेलिंग नीट टाका. तायडे. लोक मधातला ए खाऊन टाकतात."

"एकेक अक्षर सांग," दीक्षा म्हणाली आणि पेन घेतलं.